बेबीचे केस

१२ मार्च

बेबी,

‘प्रिय’ घाईत राहून गेलं असं समजू नकोस, मुद्दामच नाही लिहिलं. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतेस आणि गप्प बसतेस. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही. फार तर फाडशील, पण आधी वाचशील, तेवढी मी तुला ओळखते.

त्या दिवशीच्या फोनचं अजून मनात धरून बसली आहेस ना? अगं, त्यात माझा काय दोष? तू एवढ्या लांबून व्हिडिओ लावलास, नवीन चष्मा घालून बसलीस. मी आईसमोर फोन धरून उभी, हात भरून आले. तू ‘आई, मी बेबी, इकडे बघ ना’ म्हणून ओरडतेस, आणि आई मांडीवरच्या कुत्रीला थोपटत म्हणते, ‘बेबी, कोण गं ही बाई? किती आरडाओरडा करते!’ मी हसले, हे खरं आहे. पण ते हसू मी बोलावून आणलं नव्हतं. तू फोन बंद केलास तो कायमचाच.

कुत्रीचं नाव आईने बेबी ठेवलं, ते मी शिकवलेलं नाही. पाठवलीस तूच. मागच्या वेळी आलीस, धड आठवडाही राहिली नाहीस, ‘ताई, तू आईशी हॉस्पिटलातल्या बायकांसारखी वागतेस’ असं तोंडावर सुनावलंस आणि विमानात जाऊन बसलीस. आणि थोड्याच दिवसांत दारात एक माणूस, हातात जाळीची पेटी. ‘मॅडमनी पॉमेरेनियन बुक केलंय, आईंच्या सोबतीला.’ मला विचारायची पद्धत आपल्या घरात कधी नव्हतीच. पेटी उघडली तर आतून पावडरच्या पफाएवढी एक रागीट वस्तू बाहेर आली, माझ्या चपलेवर भुंकली आणि थेट आईच्या मांडीत. आईने तिच्या मानेभोवतीचे ते फुललेले केस कुरवाळले आणि म्हणाली, ‘आली माझी बेबी.’ लहानपणी तुझे केस असेच होते, भुरे आणि पिंजलेले. त्या दिवसापासून घरात बेबी आली आणि मी तिची आया झाले.

मला आई काय म्हणते, ऐकायचंय? ‘अहो ताई.’ तिला वाटतं मी घरी येऊन केस धुऊन देणारी पार्लरवाली. ‘अहो ताई, आज जरा लवकर आटपा, माझी मुलगी घरी आहे.’ आता मी पार्लरवाली आहेच, त्यामुळे भांडायचं तरी कशावरून?

एकदा ये. दुसरं काही मागत नाही. तिच्या डोक्यात निदान तुझं नाव शिल्लक आहे, तोवर ये.

ताई

४ एप्रिल

बेबी,

तुझं उत्तर मिळालं. पानभर लिहिलंस आणि पानभर कुत्रीबद्दल लिहिलंस. धन्य आहे तुझी.

गळ्यात पट्टा बांधायचा नाही, श्वासनळी नाजूक असते, छातीचा पट्टा वापरायचा. वापरते बाई. पलंगावरून उडी मारू द्यायची नाही, या जातीच्या गुडघ्याच्या वाट्या सरकतात. नाही मारू देत. आईच्या गुडघ्याच्या वाट्या कशा आहेत हे विचारायला एक ओळ उरली नव्हती का गं त्या पानावर? दात घासायचे, थोडं थोडं तीनदा खायला द्यायचं, जिना उचलून न्यायचं, लहान मुलांच्या हातात सोडायचं नाही. सगळं करते. तिकडे बसून शेळ्या हाकायला तुला बरं जमतं.

पण स्वभावाचं कुणी लिहिलं नाही मला, ते मी तुला लिहिते. आकार मूठभर आणि तोरा असा, की वाघाला जन्म देऊन आलेय. बेल वाजली की भुंकते, लिफ्ट थांबली की भुंकते, कचऱ्याची गाडी आली की खिडकीत जाऊन तिला गल्लीबाहेर काढल्याशिवाय गप्प बसत नाही. आणि माणूस एकच. सगळ्या घरात एकच माणूस तिचा, बाकीचे नोकर. खायला मी घालते, घाण मी काढते, औषधाचा थेंब कानात मी टाकते, आणि आईची चादर बदलायला गेले की दात माझ्यावर. तुझं लहानपण आठवलं मला.

पण एक गोष्ट मान्य करते. तिच्यामुळे आई जेवते. मी भरवायला गेले की तोंड फिरवायची, ताट ढकलायची. आता भात कुस्करून समोर ठेवला की ती म्हणते, ‘एक घास बेबीला, एक घास मला.’ कुत्रीही तिच्या हातचंच खाते, माझ्या हातचं हुंगून सोडते. दोघी एकमेकींच्या नादाने जगतायत म्हण ना.

केसांचं मात्र अवघड आहे. तू लिहितेस एक दिवसाआड मुळापासून फणी फिरव. आई फिरवू देईल तर ना! ‘माझ्या बेबीला ओढू नका हो ताई, रडते ती.’ कानामागे, काखेत नुसत्या जटा झाल्या आहेत. अख्ख्या गल्लीच्या बायकांचे केस माझ्या हाताखालून जातात आणि माझ्याच घरात हा असा गुंता.

कधी येतेस ते लिहिलं नाहीस.

ताई

२३ एप्रिल

बेबी,

इथे उन्हाळ्याने जीव नकोसा केला आहे. पार्लरचा पंखा नुसती गरम हवा इकडची तिकडे करतो. दुपारी गिऱ्हाईक फिरकत नाही, मी शटर अर्धं ओढून वर येते.

तुला आधीच सांगते, नंतर बोंब नको. कुत्रीचे केस काढले. ती धापा टाकत होती, जीभ बाहेर, आणि जटांखाली कातडी लाल झाली होती, हे मी शपथेवर सांगते. आई दुपारची झोपली होती. तिला खाली पार्लरमध्ये नेलं, टेबलावर ठेवलं, बारीक ब्लेड लावलं आणि मशीन फिरवली. मला वाटलं होतं कडाडून चावेल. तर मुकाट्याने उभी राहिली. ढीग पडला केसांचा, आणि आतून निघालं काय, तर एक काटकुळं, गुलाबी, मोठ्या कानांचं ध्यान. मलाच कसंसं झालं. पण म्हटलं, येतील परत, आणि दाट येतील. मी गिऱ्हाइकांना आयुष्यभर हेच सांगत आले, एकदा बारीक करून टाका, दुप्पट येतात. तुझ्याच जावळाच्या वेळी मावशीनेही हेच सांगितलं होतं.

आई उठल्यावर तिला मांडीवर दिली. आई म्हणाली, ‘अहो ताई, हे काय आणलंत? कुणाचं आहे हे?’ मी म्हटलं, ‘बेबी आहे, आई.’ तर माझ्याकडे असं बघितलं तिने! ‘माझी बेबी मला कळत नाही होय?’

होईल सवय. दोन दिवसांत सगळं ठीक होईल.

ताई

९ मे

बेबी,

ठीक झालेलं नाही. मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं.

आईने त्या दिवशी तिला मांडीवरून ढकलून दिलं. जोरात नाही, एखादा कपडा झटकावा तसं. पण एवढ्याशा जिवाला खुर्चीची उंचीही पुष्कळ झाली. मागचा एक पाय वर धरून तीन पायांवर लंगडत पलंगाखाली गेली ती बाहेर येईना. प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या अर्ध्या, पण जीभ माझ्यापेक्षा तिखट. गुडघ्याची वाटी सरकली होती, ती बसवली. मग केसांकडे बघून म्हणाली, ‘हे कुणी केलं?’ मी म्हटलं, मी, माझं पार्लर आहे. ‘माणसांचं ना?’ म्हणाली. पॉमेरेनियनला दोन थर असतात केसांचे, आतले मऊ आणि वरचे लांब. मशीन लावली की कधी कधी वरचे येतच नाहीत, आले तर ठिगळासारखे येतात. आणि ऊन लागू नये म्हणूनच ते असतात म्हणे. म्हणजे छत्री काढून घेतली मी तिची, उकडतंय म्हणून. भर दवाखान्यात ऐकून घेतलं, काय करणार?

पण कुत्रीचं राहू दे. आई जेवत नाही. सकाळपासून दाराशी खुर्ची ओढून बसते. ‘बेबी अजून आली नाही. अहो ताई, तुम्ही पाहिलीत का हो वाटेत?’ बेबी तिच्या खुर्चीखाली बसलेली असते. ढकलून दिलं तरी तिथेच जाऊन बसते, आणि आई पायाने बाजूला करते. मी काय काय केलं सांगू? जुन्या कोटाची केसाळ कॉलर उसवली आणि कुत्रीच्या गळ्यात बांधली. आई म्हणाली, ‘काढा हो ते, बिचाऱ्याला उकडत असेल.’ तेवढं मात्र बरोब्बर कळलं तिला.

दूध दोन चमचे, बिस्किटाचा तुकडा, एवढ्यावर आहे ती. आपल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, असं फार दिवस चालणार नाही, मग नळी घालावी लागेल. तिला नळी घातलेली मी बघू शकणार नाही. मी आता भांडत नाही, तुझे पाय धरते. ती बेबीची वाट बघते आहे आणि तू बेबी आहेस. तुला बघून नाही ओळखलं तर हात हातात दे, लहानपणीचं काहीतरी गुणगुण, केस मोकळे सोड. पण ये.

ताई

१ जून

बेबी,

तुझा निरोप वाचला. परत वाचला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

सुट्टी नाही. डिसेंबरच्या आत शक्य नाही. कुत्र्याचे केस काढायचे नसतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि काळजी करू नकोस, त्याच माणसाकडे त्याच रंगाचं दुसरं पिल्लू आहे, मी बोलून ठेवलंय, आठवड्यात पोचेल.

आई म्हणजे काय दिवाणखाना आहे का गं, मॅचिंग कुशन आणून द्यायला? एक बेबी बिघडली, दुसरी पाठवते. मूळची मात्र येणार नाही! आणि या बिघडलेलीचं काय करायचं ते लिहिलं नाहीस. रस्त्यावर सोडू? सहा मजली इमारतीतल्या कुणालाही विचार, अजून लंगडतेय, तरी माझ्या आईच्या खुर्चीखालून हलत नाही. तिला कुणी सांगितलं नाही की डिसेंबरपर्यंत सुट्टी नसते.

त्या माणसाला मी फोन करून सांगितलंय, पेटी घेऊन दारात आलास तर पेटीत तुलाच घालीन.

ताई

१९ जून

बेबी,

तू विचारलंस, खरं सांग, ताई, उकाड्यामुळेच काढलेस का केस. फोनवर विचारलं असतंस तर मी तुला फाडून खाल्लं असतं. पत्रात विचारलंस म्हणून उत्तर देते.

उकाडा होता आणि जटाही होत्या. पण त्या सकाळी मी आईला आंघोळ घातली, पाठ पुसली, वेणी घातली, आणि ती मला म्हणाली, ‘तुम्हाला आई आहे का हो, ताई?’ मी म्हटलं, आहे. तर म्हणाली, ‘मग तिच्याकडेही जात जा कधीतरी.’ आणि कुत्रीच्या केसांत तोंड घालून हसली. दुपारी मी मशीन काढली. एवढंच आहे. यातून तुला काय काढायचं ते काढ.

आई जेवते का, हे तू परत विचारू नकोस.

ताई

१४ ऑगस्ट

बेबी,

तुझी तीन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. तुला वाटलं असेल आईचं काही बरंवाईट झालं. तसं असतं तर कळवलं असतं, एवढी दुष्ट मी नाही. आई जेवते. जूनच्या शेवटापासून चांगली जेवते. मी तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू आली असतीस, आणि मला तू यायला नको होतीस.

सलग पाऊस लागला होता, हवेत गारठा. या जातीला थंडी सोसत नाही, त्यात अंगावर केस नाहीत. आईच्या खुर्चीखाली बसून कुत्री थरथरत होती. मी फडका शोधायला आत गेले. बाहेर आले तर आईने खाली वाकून तिला उचललं होतं. तिच्या उघड्या पाठीवरून, टाळूवरून हात फिरवत होती. मला वाटलं आता परत ढकलते, मी ओरडतच धावले. तर आई मला म्हणाली, ‘हळू बोला हो ताई, आत्ताच ताप उतरलाय.’ आणि कुत्रीला छातीशी धरून म्हणाली, ‘झोप गं गोटी. येतील हो केस.’

गोटी कोण, हे तुला माहीत नाही. तू जन्मायच्या आधीच्या वर्षी मला विषमज्वर झाला होता. केस पुंजक्या-पुंजक्याने गळायला लागले, तेव्हा आईने बाबांच्या वस्तऱ्याने माझं डोकं तुळतुळीत केलं. महिनाभर ती माझ्या उशाशी होती. डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, माझी गोटी ती. केस आले तरी नाव राहिलं. मग तू आलीस, भुरे पिंजलेले केस घेऊन, आणि सगळे म्हणाले, आता ही ताई झाली. त्या दिवसापासून आईही ताईच म्हणाली. गोटी म्हटलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नव्हतं. मलाच वाटायला लागलं होतं, की ते मी मनाने रचलंय.

आता दिवसभर ऐकते. ‘एक घास गोटीला, एक घास मला.’ कुत्रीचा पाय भरला, लंगडणं गेलं, अंगावर आईची शाल घेऊन मांडीत पडलेली असते. आणि आई तिला काय काय सांगते! मी आजारी असताना पायऱ्यांवर बसून पावसाचं पाणी वाडग्यात धरायचे, ते. मला कडू औषध नको असायचं म्हणून आई आधी स्वतः घोट घ्यायची, ते. माझं मलाही आठवत नव्हतं असं सगळं तिच्याजवळ शाबूत आहे गं. मी भाजी निवडायचं निमित्त करून तिथेच बसते.

न राहवून एकदा मी तिच्यासमोर जाऊन गुडघ्यावर बसले आणि म्हटलं, ‘आई, मी गोटी.’ तिने माझ्याकडे नीट पाहिलं. फार प्रेमाने पाहिलं. म्हणाली, ‘अय्या, तुमचंही नाव गोटीच का? छान आहे हो.’ मी उठले आणि खाली जाऊन पार्लर उघडलं. दुसरं काय करणार होते?

आता मुद्द्याचं. गेल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी कुत्रीला उजेडात धरून पाहिलं आणि आनंदाने ओरडल्याच. सगळ्या अंगावर लव आली आहे, आतली आणि वरचीही. नशीबवान आहात, म्हणाल्या. मानेभोवती तर बोटभर झाली. काल आईचा हात पाठीवरून फिरता फिरता थांबला. तिने कुत्रीकडे पाहिलं, वाकून पाहिलं, आणि काहीच म्हणाली नाही. गोटीही नाही आणि बेबीही नाही. आज सकाळी पुन्हा तसंच झालं.

मशीन मी काढली होती. खोटं कशाला बोलू? टेबलावर घेतलं तिला, तर ती आपणहून मान खाली घालून उभी राहिली, मागच्या वेळी उभी राहिली होती तशी. पुन्हा लावली तर केस कायमचे जातील, असं बाईंनी बजावलं आहे. नाही लावली. तिला उचलून वर आणलं, फणी घेतली आणि मुळापासून विंचरलं. आईने विंचरू दिलं.

तू डिसेंबरचं तिकीट काढलंयस ना? ते बदल. डिसेंबरात येशील तेव्हा आईच्या मांडीवर बेबी असेल, फुललेली, झुपकेदार, आणि आई बेबी-बेबी करत असेल, आणि मी तुला हे सगळं सांगितलं तर तू म्हणशील, ताई गोष्टी रचते. मीही थोड्या दिवसांनी तेच म्हणायला लागेन. माझ्या लहानपणाच्या साक्षीला या जगात आता आईशिवाय कुणी नाही, आणि आईचं हे असं. म्हणून तू हवीस. आधी मी तुला आईसाठी बोलावत होते, आता माझ्यासाठी बोलावते. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, हॉटेलात उतर, माझ्या हातचं खाऊ नकोस. फक्त तिच्या शेजारी बस आणि ती मला गोटी म्हणून हाक मारते ती एकदा कानाने ऐकून जा.

पण आत्ता ये. केस भराभर वाढतायत.

ताई